सोलरचं अनुदान हवंय? आधी वीजबिलावर कोणाचं नाव आहे ते बघा

केंद्र सरकारची सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. घराच्या छतावर १ किलोवॅटचं सोलर बसवलं तर ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. १ किलोवॅटमधून महिन्याला साधारण १२० युनिट वीज तयार होते. पंखे, लाइट, टीव्ही, छोटा फ्रीज एवढ्यावर भागणाऱ्या घराला ती पुरते. मग सहरीला लाइट कशावर लागणार, असं घरातल्या बाया विचारतात. दिवसा उरलेली वीज नेट मीटरमधून महावितरणकडे जाते आणि रात्री वापरलेल्या युनिटमधून वजा होते.

खरी अडचण वेगळी आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत बिल अजून मरहूम दादांच्या नावावर येतं. अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो आणि अनुदान त्या ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होतं. त्यामुळे मृत्यूचा दाखला आणि घराचे कागद देऊन आधी बिलावरचं नाव बदलून घ्या. वारस जास्त असतील तर सगळ्यांशी बोलूनच.

दुसरं म्हणजे अनुदान सोलर बसवून तपासणी झाल्यावर येतं. पैसे आधी उभे करावे लागतात. बँका कर्ज देतात, पण व्याजाने. ज्यांना व्याज टाळायचं आहे त्यांनी जमातीच्या बिनव्याजी फंडात विचारून बघावं. अनुदान आलं की मोठा हिस्सा लगेच फेडता येतो.

भाड्याने राहणाऱ्यांच्या हाती मात्र यात काही लागत नाही. छत मालकाचं, मीटरही बहुतेक त्याच्याच नावावर.