चौदाव्या दिवसानंतर

माणूस गेला की आपल्याकडे तेरा दिवस ते घर एकटं पडत नाही. चूल पेटत नाही म्हणून शेजारीपाजारी डबे आणतात, पाहुणे सतरंजीवर बसून राहतात, बायाबापड्या गळ्यात पडून रडतात. शहाणपण शिकवायला सहसा कुणी आलेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली सूचना काढल्या, की शोकात असलेल्या प्रत्येकावर सरसकट मानसोपचार करत बसू नये आणि बेन्झोडायझेपिनसारख्या शामक गोळ्याही देऊ नयेत. आपल्या आज्या या सूचना न वाचताच पाळत होत्या. अर्थात त्याच तेरा दिवसांत विधवेच्या बांगड्या फोडायचीही रीत होती. ती बंद करण्याचा ठराव करायला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला मे 2022 उजाडावा लागला.

खरी अडचण चौदाव्या दिवशी सुरू होते. सतरंजी उचलली जाते, पाहुणे एसटी धरतात आणि घरातल्यांनी आता 'सावरावं' अशी सगळ्यांची अपेक्षा असते.

ऊर्जानगरात हे आणखी ठळक दिसतं. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची ही वसाहत. 2920 मेगावॅटचं हे केंद्र राज्यातल्या सरकारी वीजनिर्मितीचा मोठा आधार आहे. इथली माणसं नोकरीसाठी ठिकठिकाणांहून आलेली. शेजार असतो तो शिफ्टच्या वेळापत्रकातला. भावकी दूर गावी. नोकरीत असताना घरचा कर्ता गेला तर दुःखाच्या जोडीला अनुकंपा नोकरीची फाईल आणि क्वार्टर सोडण्याची चिंताही येते. आणि कुंपणापलीकडे ताडोब्याचं जंगल. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा जीव घेतला आणि लगोलग शेजारच्या दुर्गापुरात बिबट्याने सोळा वर्षांचा मुलगा नेला. तेंदूपत्ता, सरपण, मोहफूल यांसाठी जंगलात गेलेली माणसं परत न येण्याच्या घटना चंद्रपूर-गडचिरोलीत दरवर्षी घडतात. सरकार अशा मृत्यूबद्दल वारसांना 25 लाख रुपये देतं. ते द्यायलाच हवेत. पण पंचनामा झाला, चेक मिळाला, की सरकारी बाजूने प्रकरण मिटतं. मागे राहिलेल्या बाईने पुन्हा त्याच जंगलात पानं तोडायला कसं जायचं, हा रकाना कोणत्याच अर्जात नाही.

अशा वेळी कामी येतं ते तेच भोगलेलं माणूस. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात 1968 साली एका रुग्णालयात थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन मुलं वारली. सायमन स्टीफन्स हा तरुण धर्मोपदेशक दोन्ही घरांच्या ओळखीचा होता. आपल्या धीर देण्यापेक्षा या आईबापांना एकमेकांशी बोलून जास्त बरं वाटतंय, हे त्याने पाहिलं. 1969 मध्ये त्यातूनच 'कम्पॅशनेट फ्रेंड्स' ही मुलं गमावलेल्या पालकांची संघटना उभी राहिली आणि पुढे अनेक देशांत पोचली. मला या हकिकतीत सगळ्यात आवडतं ते त्या उपदेशकाचं बाजूला होणं. तेवढा मोठेपणा उपदेश करणाऱ्यांत क्वचितच सापडतो.

आपल्या विदर्भातलं उदाहरण तर रंगमंचावरचं आहे. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'तेरवं' या नाटकात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका स्वतःच भूमिका करतात. त्यांतल्या कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे यांनी जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. टाळ्या आणि बातम्या प्रयोगाला मिळाल्या. मला मोल वाटतं ते तालमींचं. नवऱ्याच्या मरणाबद्दल सासरी बोलता येत नाही, माहेरी बोललं तर आई रडते. तालमीत मात्र समोरची बाई मान हलवते, कारण तिच्याही घरी तेच झालेलं असतं.

एकच दुःख भोगलेल्यांच्या अशा गटाला रंगमंचच लागतो असं नाही. आठ-दहा माणसं, ठरलेला वार, ठरलेली जागा, तास-दीड तास. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. न मागता सल्ला द्यायचा नाही. 'माझं दुःख तुझ्यापेक्षा मोठं' हे तर अजिबात नाही. गप्प बसायचं असेल तर खुशाल बसावं. संचालन करणारा माणूस थोडा शिकलेला हवा, कारण एखाद्याचं दुःख गटाच्या आवाक्याबाहेरचं असतं: महिनोन् महिने जेवण-झोप नाही, गेलेल्याची ओढ तसूभरही कमी होत नाही, जगण्यात रस उरत नाही. शोक सहा महिन्यांहून जास्त काळ असा तीव्र राहिला आणि रोजचं जगणंच अडू लागलं, तर त्याला आता आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही स्थान आहे. जीव द्यायचे विचार बोलून दाखवणाऱ्याला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. पुढच्या बैठकीची वाट पाहू नये.

खेड्यात हे कोण करणार, असं विचारणाऱ्यांसाठी अमरावती जिल्ह्यातला 'विश्राम' प्रकल्प आहे. तीस गावांत स्थानिक कार्यकर्त्यांनी नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली, छोट्या बैठका घेतल्या, गरजूंना उपचारांशी जोडलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. 2017 मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'ने हे निष्कर्ष छापले. हे काम मोठ्या इस्पितळाच्या इमारतीने केलेलं नाही.

वसाहतीत सभागृहं आहेत, महिला मंडळं आहेत, युनियनही आहेत. वनहक्क समित्या आणि बचत गट तर जंगलातल्या गावागावांत बसतात. हिशेब आटोपल्यावरचा एक तास महिन्यातून दोनदा यासाठी ठेवायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. या दिवाळीत तुमच्या गल्लीत ज्या दारावर आकाशकंदील लागलेला नसेल, तिथे फराळाचा डबा घेऊन जा आणि थोडं बसा. आणि रात्री-अपरात्री कुणालाच सांगता येत नसेल, तर 14416 या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.