म्हणींनो, जन्मदाखला दाखवा!

म्हण म्हटली की आपण मान डोलावतो. पूर्वजांचं शहाणपण, त्यावर वाद कसला घालायचा? पण इंग्रजी म्हणींच्या घराण्याची थोडी चौकशी केली, तर कुणी जाहिरातीत जन्मलेली निघते, कुणी दारूच्या गुत्त्यात, तर कुणी चक्क चावट कवितेत. ही घ्या त्यांची कुंडली.

ॲन ॲपल अ डे कीप्स द डॉक्टर अवे
रोज एक सफरचंद खा, डॉक्टरची पायरी चढावी लागणार नाही. १८६६ मध्ये ही म्हण वेल्समधल्या पेम्ब्रोकशरची म्हणून छापली गेली, तेव्हा तिचा सूर जरा आगाऊ होता : झोपताना सफरचंद खा आणि डॉक्टरच्या पोटावर पाय आणा! २०१५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ८,३९९ प्रौढांची माहिती तपासली. शिक्षण, सवयी वगैरेंचा हिशेब धरल्यावर सफरचंद खाणाऱ्यांच्या डॉक्टरवाऱ्या काही कमी भरल्या नाहीत. चिठ्ठीवरची औषधं मात्र त्यांना किंचित कमी लागत होती. म्हणजे फटका बसलाच तर केमिस्टला.

यू कान्ट हॅव युअर केक अँड ईट इट टू
केक खायचाही आणि शिल्लकही ठेवायचा, असं दोन्ही जमत नाही. जॉन हेवूडच्या १५४६ च्या म्हणीसंग्रहात क्रम उलटा आहे : आधी खाणं, मग बाळगणं. या जुन्या क्रमाने पुढे पोलिसी तपासात हजेरी लावली. अमेरिकेत १७ वर्षं बॉम्ब पाठवून तिघांचे जीव घेणाऱ्या ‘युनाबॉम्बर’चा ३५,००० शब्दांचा लेख १९९५ मध्ये छापून आला, त्यात ही म्हण जुन्याच क्रमाने होती. लेखाची शैली टेड कझिन्स्की या माजी गणित प्राध्यापकाच्या सख्ख्या भावाने ओळखली. एफबीआयने जुनी पत्रं ताडून पाहिली, तर तिथेही केक आधी खाल्लेला! एप्रिल १९९६ मध्ये मोन्टानातल्या लाकडी खोपटात तो सापडला. एकट्या म्हणीने त्याला पकडलं नाही, पण साक्ष मात्र चोख दिली.

डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ
भेट मिळालेल्या घोड्याचं तोंड उघडून बघू नये. घोड्याचं वय दातांवरून कळतं, त्यामुळे बाजारात गिऱ्हाईक आधी जबडा तपासतं. फुकटात मिळालेल्या वस्तूची अशी परीक्षा घेणं अशोभनीय. सन ४०० च्या सुमारास संत जेरोमने लॅटिनमध्ये ही म्हण वापरली, तीही ‘लोक म्हणतात तसं’ म्हणत. म्हणजे ती तेव्हाच जुनी होती! आपल्याकडे घोड्याच्या जागी गाय उभी आहे : धर्माची गाय आणि दात का गं नाय?

व्हेन इन रोम, डू ॲज द रोमन्स डू
देश तसा वेश. पण मूळ भानगड वेशाची नाही, शनिवारच्या उपासाची! चौथ्या शतकात रोममधले ख्रिस्ती शनिवारी उपास करत, मिलानमधले करत नसत. संत ऑगस्टिनची आई मिलानला आली आणि पेचात पडली. तिथले बिशप अँब्रोज यांनी तोडगा दिला : मी रोमला असलो की शनिवार धरतो, इथे असलो की धरत नाही.

देअर इज नो सच थिंग ॲज अ फ्री लंच
फुकट काहीच मिळत नसतं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी गुत्त्यांत पेल्याचे पैसे द्या, जेवण फुकट, अशी सोय असे. पदार्थ बहुधा खारट. मग घसा कोरडा, पुन्हा पेला, पुन्हा पैसे. मुंबईत जन्मलेल्या रड्यार्ड किपलिंगने १८८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हा प्रकार पाहिला आणि लिहून ठेवला. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनने १९७५ मध्ये ही म्हण थेट पुस्तकाच्या शीर्षकात नेली.

अ पिक्चर इज वर्थ अ थाउजंड वर्ड्स
हजार शब्दांचं काम एक चित्र करतं. प्राचीन चिनी म्हण? छे! फ्रेड बर्नार्ड हा अमेरिकी गृहस्थ ट्रामगाड्यांतल्या जाहिराती विकायचा. १९२१ मध्ये त्याने असंच वाक्य एका ‘जपानी तत्त्वज्ञा’च्या नावावर खपवलं. १९२७ मध्ये तत्त्वज्ञ गायब, त्याच्या जागी चिनी म्हण, आणि हजाराचे झाले दहा हजार. पुढे कन्फ्यूशियसही विनाकारण मानकरी ठरला.

स्पेअर द रॉड अँड स्पॉइल द चाइल्ड
छडी आवरली की पोर वाया गेलं. कल्पना बायबलमधली, पण हे शब्द सॅम्युअल बटलरच्या ‘ह्युडिब्रास’ या सतराव्या शतकातल्या विडंबनकाव्यातले. तिथलं ‘पोर’ म्हणजे मदन. प्रेम सिद्ध करायचं तर चाबकाचे फटके खा, असं एक विधवा आपल्या आशिक सरदाराला सुनावते. पिढ्यान् पिढ्या मास्तरांनी छमछम छडी चालवली ती या ओळीच्या भरवशावर!

ब्लड इज थिकर दॅन वॉटर
रक्ताचं नातं सगळ्यांत घट्ट. व्हॉट्सॲपवर मात्र ‘खरी, पूर्ण म्हण’ फिरते : शपथेचं रक्त गर्भजलापेक्षा दाट, म्हणजे मित्र नातेवाइकांपेक्षा मोठे. जुन्या लिखाणात या शेपटीचा मागमूस नाही. ती गेल्या काही दशकांतली जोड. वॉल्टर स्कॉटच्या १८१५ च्या कादंबरीतही म्हण साध्या, आपल्या ओळखीच्या रूपातच येते.

द पेन इज माइटिअर दॅन द स्वोर्ड
तलवारीपेक्षा लेखणी बलवान. हे वाक्य एडवर्ड बुलवर-लिटन यांच्या १८३९ च्या ‘रिशल्यू’ नाटकातलं. खरी गंमत पुढच्या पिढीत. त्यांचे चिरंजीव लॉर्ड लिटन स्वतः कवी होते आणि १८७६ मध्ये हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. १८७८ मध्ये त्यांनी देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला. इंग्रजी पत्रांना त्यातून सूट. कलकत्त्याच्या ‘अमृत बाजार पत्रिके’ने रातोरात बंगाली सोडून इंग्रजी धरली आणि कायद्याला वाकुल्या दाखवल्या. पुढे लॉर्ड रिपन यांच्या काळात तो कायदाच रद्द झाला. चिरंजीवांचं फर्मान चार वर्षंही टिकलं नाही. तीर्थरूपांचं वाक्य मात्र अजून ठणठणीत आहे.