केबिन घ्यायची की प्रीफॅब उभारायचं? आधी विकणार कसं ते ठरवा

गेल्या शनिवारी गारखेड्यातल्या आपल्या बॅचला एक ताई आणि त्यांचे मिस्टर आले होते. सूतगिरणी चौकाजवळ राहतात, घरूनच डबे देतात. रोजचे सत्तर-ऐंशी डबे झाले, आता घरचं स्वयंपाकघर पुरत नाही. बीड बायपासला ओळखीतल्या एकांचा मोकळा प्लॉट तीन वर्षांसाठी भाड्याने मिळतोय. जागा मोकळी आहे, वर काही नाही. म्हणून दोन कोटेशनं घेऊन आले.

पहिलं तयार केबिनचं. कारखान्यात भिंती, छप्पर, खिडक्या, वायरिंगसकट पूर्ण बनते, ट्रेलरवरून येते, हायड्राने उतरवायची, लाईट-पाणी जोडलं की धंदा सुरू. दुसरं प्रीफॅबचं. कारखान्यातून लोखंडी फ्रेम आणि पॅनेल सुटे येतात, जागेवर जोतं घालून त्यावर उभारणी होते, मग फरशी, ओटा, संडास-बाथरूम सगळं पक्कं. दुसरं दिसायला घरासारखं, जागाही जवळजवळ दुप्पट. मिस्टरांचं मन तिकडेच होतं. ताईंनी मात्र एकच विचारलं, "सर, तीन वर्षांनी जागा सोडावी लागली तर यातलं विकलं काय जाईल?"

खरं सांगतो, हा प्रश्न मी स्वतः वेळेवर विचारला असता तर माझे बरेच पैसे वाचले असते.

सुरुवातीच्या काळात मी एका भाड्याच्या प्लॉटवर क्लासचा हॉल उभारला होता. पॅनेलचाच. विक्रेत्याने सांगितलं, "सर, नट-बोल्टचं काम आहे, उद्या काढून दुसरीकडे लावा." मी खूश. मग जोतं घातलं, फरशी बसवली, पॅनेल खाली सिमेंटमध्ये पक्के केले, पाऊस आत येतो म्हणून सांधे भरून घेतले. करार संपला, जागामालकाला जागा हवी होती, त्यांचंही चूक नव्हतं. काढायला घेतल्यावर कळलं की नट-बोल्टचं काम फक्त वरच्या फ्रेमचं होतं. खालचे पॅनेल कडेला फाटले. फरशी, जोतं, ड्रेनेज, जमिनीखालची वायर सगळं तिथेच राहिलं. बाकीचं घ्यायला जो माणूस आला त्याने एकेक पॅनेल मोजला नाही, वजनकाटा आणला. वजनकाटा आला म्हणजे समजायचं, आपली वस्तू आता भंगार आहे.

आता जरा लांबचं उदाहरण घेऊ, कारण हाच वाद अमेरिकेत लोक राहत्या घराबद्दल घालतात आणि तिथे तो कायद्यानेच मांडून ठेवलाय. तिकडे कारखान्यात बनणारी घरं दोन जातीची. एक 'मॅन्युफॅक्चर्ड होम'. १५ जून १९७६ पासून त्याला केंद्र सरकारचा वेगळा बांधणी-नियम आहे, आणि त्याच्या खाली कायमची लोखंडी चेसिस असते. बऱ्याच राज्यांत त्याचा मालकी कागद गाडीच्या कागदासारखा निघतो, जमिनीशी संबंध नाही. दुसरं 'मॉड्युलर होम'. तेही कारखान्यातच बनतं, पण ज्या गावात बसवायचं तिथल्या बांधकाम नियमांप्रमाणे, आणि पक्क्या पायावर बसतं. एकदा बसलं की ते घर, जमिनीसकट विकलं जातं, कर्जही घराचं मिळतं. पहिल्या प्रकारचं घर भाड्याच्या जागेवर उभं असेल तर गाडीसारखी किंमत उतरते. तेच घर स्वतःच्या जमिनीवर, पक्क्या पायावर बसवून कागदोपत्री जमिनीला जोडून घेतलं तर हिशोब पुष्कळ सुधारतो. म्हणजे भिंती तशाच. फरक खालच्या जमिनीने आणि हातातल्या कागदाने पडतो.

आपल्याकडे असे दोन शिक्के नाहीत. पण जंगम आणि स्थावर हा भेद आहेच, आणि तो धंदेवाल्याच्या थेट खिशाला लागतो. केबिन ही वस्तू असेल तर बिलावर विकली जाते, जशी फ्रीज किंवा पिठाची गिरणी. स्थावर मालमत्ता असेल तर नोंदणी, मुद्रांक शुल्क आणि जमिनीच्या मालकाची सही. जमीनच तुमची नसेल तर विकणार काय?

या विषयावर आपल्या महाराष्ट्रातूनच गेलेला एक खटला माहीत असू द्या. भारती एअरटेल विरुद्ध पुण्याचे केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्त. मोबाईल टॉवर आणि त्याच्या बुडाशी यंत्रं ठेवायची जी छोटी तयार खोली असते, ती वस्तू की स्थावर, असा वाद होता. वस्तू असेल तर कंपनीला भरलेल्या कराचं क्रेडिट मिळणार, स्थावर असेल तर नाही. मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीच्या विरुद्ध निकाल दिला, दिल्ली उच्च न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणात बरोबर उलटा दिला. शेवटी २० नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की टॉवरही वस्तू आणि ती तयार खोलीही वस्तूच. जमिनीला कशी जोडली आहे, कशासाठी जोडली आहे, कायम ठेवण्याचा हेतू आहे का, नुकसान न करता काढून दुसरीकडे लावता येते का, बाजारात विकली जाते का, असं सगळं तपासून हा निष्कर्ष काढला. बोल्टने जमिनीला पक्कं केलं म्हणजे लगेच स्थावर होत नाही. ते डुगडुगू नये म्हणूनही करतात.

पण थांबा, लगेच "केबिन ठेवली की महापालिकेचा संबंध नाही" असं समजू नका. आठ वर्षं आधी, डिसेंबर २०१६ मध्ये, अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात त्याच सर्वोच्च न्यायालयाने मोबाईल टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो असं म्हटलं होतं. एकाच टॉवरला एका निकालात वस्तू म्हटलं गेलं आणि दुसऱ्यात इमारत. त्यामुळे परवानगी आणि मालमत्ता कर यांची चौकशी महापालिकेच्या झोन कार्यालयात वेगळी करायची, आणि जीएसटीचं क्रेडिट सीएला विचारायचं. केबिन विकणाऱ्याला यातलं काहीच विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी "काही लागत नाही साहेब" असंच असतं.

जून २०२५ मध्ये मुकुंदवाडीपासून आपल्या शहरात पाडापाडीची मोठी मोहीम सुरू झाली, ती तुम्ही पाहिली आहे. रस्त्याच्या कडेचं काय झालं वेगळं सांगायला नको. प्लॉट बायपासला घेताना रस्त्याची हद्द कुठपर्यंत आहे हे मालकाच्या तोंडी सांगण्यावर ठेवू नका, मोजणीचा नकाशा मागा. गुंठेवारीचा प्लॉट असेल तर तो २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाला आहे का, त्याचा कागद बघा. हलणारी केबिन असली तर निदान उचलून नेता येते. जोत्यावरचं काही उचलता येत नाही.

आता ताईंच्या कोटेशनकडे येऊ. आम्ही फळ्यावर हिशोब मांडला. आकडे फक्त समजण्यापुरते धरलेत, तुमच्या कोटेशनचे तुम्ही टाका.

केबिन २० बाय ८ फूट, म्हणजे १६० चौरस फूट, ४ लाखांना. तीन वर्षांनी २ लाखांना गेली, हायड्रा आणि ट्रेलरचे २५ हजार आपण दिले. खरा खर्च २ लाख २५ हजार, महिन्याला ६,२५०. प्रीफॅब ३०० चौरस फूट, ६ लाखांना. त्यातले जोतं, फरशी, नळ, ड्रेनेजचे २ लाख जमिनीतच राहिले. उरलेल्या सांगाड्याचे १ लाख आले, काढायची मजुरी ४० हजार गेली. हातात ६० हजार. खरा खर्च ५ लाख ४० हजार, महिन्याला १५,०००.

मिस्टर लगेच म्हणाले, "पण सर, जागा दुप्पट आहे ना." बरोबर बोलले! म्हणून चौरस फुटाने बघू. केबिन महिन्याला ३९ रुपये फूट, प्रीफॅब ५० रुपये फूट. वाटलं होतं तेवढं मोठं अंतर नाही, पण आहे.

आता हेच दहा वर्षांसाठी करा. प्रीफॅबचे शेवटी शून्य आले असं धरा, तरी महिन्याला ५,००० म्हणजे १७ रुपये फूट. केबिन दहा वर्षांनी जुनी, वाहतूक जाऊन ५० हजार आले, तर महिन्याला साधारण २,९०० म्हणजे १८ रुपये फूट. दोन्ही सारखेच! म्हणजे प्रश्न केबिन चांगली की प्रीफॅब चांगलं हा नव्हताच. प्रश्न हा, की तुमच्या हातात नोंदणी केलेले किती महिने आहेत? "मालक ओळखीचे आहेत, वाढवून देतील" हे महिने हिशोबात धरायचे नाहीत. ताईंकडे ३६ होते. त्यातही करार अजून साध्या स्टँपवर होता. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, आणि कराराच्या आत "भाडेकरूने आणलेली केबिन व सामान भाडेकरूच्या मालकीचे, मुदत संपल्यावर तो ते घेऊन जाईल" ही ओळ हवीच. नाहीतर निघायच्या दिवशी गेटवर वाद ठरलेला.

समजा केबिनच घ्यायची. मग उद्याचा गिऱ्हाईक काय बघणार, ते आज तुम्ही बघा.

सगळ्यात आधी रुंदी. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत, म्हणजे साधारण साडेआठ फूट. ८ फुटी केबिन साध्या ट्रेलरवर नीट बसते. १० फुटी केबिन आतून प्रशस्त वाटते, विक्रेतेही तीच पुढे करतात, पण ती ट्रेलरच्या बाहेर येते, मग जादा मापाच्या मालाची परवानगी, जादा भाडं. तुमची केबिन कन्नड किंवा बीडच्या गिऱ्हाइकाला आवडली तरी तिथवर न्यायचा खर्च ऐकून तो मागे फिरतो. मोठी जागा हवी तर ८ फुटी दोन शेजारी लावा. एक विकून एक ठेवताही येते.

दुसरं, पोट. केबिन खालून सडते. वरून रंग मारून कोणीही चकाचक करतं, पण खालची चॅनेल गंजली आणि जमिनीचा बोर्ड फुगला की किंमत संपली. पहिल्या दिवसापासून केबिन विटांच्या किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर फूट-दीड फूट उंच ठेवा, खालून वारा जाऊ द्या. डबेवाल्यांना तर हे जास्त लागू, कारण तुमच्याकडे रोज पाणी सांडणार. उचलायचे हूक चारही कोपऱ्यांना आहेत का, आणि ते फ्रेमला वेल्ड केलेत का पत्र्याला, हे वाकून बघा.

तिसरं, ऊन. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. आत थर्माकोल आहे की पफ, आणि किती मिलिमीटर, हे कोटेशनवर लिहून घ्या. मे महिन्यात दुपारी दाखवायला नेलेली केबिन आत शिरताच भट्टी वाटली तर गिऱ्हाईक दारातूनच परत जातं. स्वयंपाक आतच होणार असेल तर आगीचंही विचारा, थर्माकोल आणि पफ दोन्ही पेट घेतात. शेगडीच्या बाजूच्या भिंतीला रॉकवूल मागा.

आणि जहाजाचा जुना कंटेनर घेऊन त्याचं दुकान करायचं डोक्यात असेल, तर त्याचा कस्टमचा कागद मागा. परदेशी कंटेनर परत जायच्या बोलीवर शुल्क न भरता देशात येतात. इथे विकायचा तर शुल्क भरल्याचा पुरावा हवा. तो नसला तर आज तुम्हाला स्वस्त मिळतो आणि उद्या तुमच्याकडून कोणी घेत नाही.

ज्यांची जमीन स्वतःची आहे, एनए आहे, नकाशा मंजूर होणार आहे, त्यांच्यासाठी चित्र उलटं. तिथे पक्क्या पायाचं प्रीफॅब घ्या, केबिनच्या मागे लागू नका. सरकारने १ जानेवारी २०२१ ला सुरू केलेल्या सहा 'लाईट हाऊस' प्रकल्पांत रांचीला कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या अख्ख्या खोल्या एकावर एक रचून इमारती उभ्या केल्या, इंदूरला सँडविच पॅनेल वापरले. तंत्र नवं राहिलेलं नाही. अडचण एकच. आपला गिऱ्हाईक घर बघताना भिंतीवर टकटक करतो, पोकळ आवाज आला की भाव पाडतो. त्याला उत्तर म्हणून मंजूर नकाशा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सही केलेला कागद, पॅनेलची हमी आणि जोत्याचं काम चालू असतानाचे फोटो एका फाईलमध्ये ठेवा. बँकेचा व्हॅल्युअरही तीच फाईल मागेल.

माझ्यासारखं मधलं काही करू नका, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर पक्कं, किंवा स्वतःच्या जमिनीवर नकाशाशिवाय. पहिलं नेता येत नाही, दुसरं दाखवता येत नाही.

ताई आणि मिस्टर बॅच संपल्यावर बराच वेळ पार्किंगमध्ये बोलत उभे होते. सोमवारी ताईंचा फोन आला. १० फुटी केबिनची ८ फुटी करून घेतली. "तीन वर्षांच्या आत परत केली तर किती टक्के देणार ते बिलावर लिहून द्या," असं विक्रेत्याला म्हणाल्या. त्याने आधी हसण्यावारी नेलं, मग ३५ टक्के म्हणाला. त्या पन्नासवर अडून बसल्या आहेत. करार नोंदवायची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, तोपर्यंत ॲडव्हान्स द्यायचा नाही, असं मी त्यांना सांगितलंय.