यारीची परीक्षा (लेखांक आठवा)

ठाण्यातील खोपटचे राज्य परिवहन आगार, तेथून जवळच असलेला कॅडबरी नाका व त्यावरून कासारवडवलीकडे जाणारा मेट्रोचा उन्नत मार्ग, आणि द्रुतगती महामार्ग ओलांडून पश्चिमेस गेले की लागणारी वागळे इस्टेटीची वसाहत, एवढ्या एक-दोन मैलांच्या टापूत जड वस्तू उचलण्याची बहुतेक सर्व साधने एका फेरफटक्यात पाहावयास मिळतात. दुरुस्तीच्या छपरात इंजिन उतरविण्यासाठी टांगलेली चेनकुप्पी, कारखान्याच्या दोन्ही भिंतींलगतच्या रुळांवरून धावणारी आणि कामगारांच्या तोंडी 'ईओटी' या नावाने रुळलेली विजेची यारी, रस्त्याकडेने वजन पुढे झुलवीत चालणारी हायड्रा, आणि खांबांच्या माथ्यावर तुळया चढविणारी अवाढव्य क्रेन, या सर्वांची जात एकच असून त्यांना विचारावयाचा प्रश्नही एकच आहे, की आज जे वजन उचलावयाचे आहे ते उचलण्यास हे साधन समर्थ आहे, हे कोणी, केव्हा आणि कशावरून ठरविले?

गेल्या लेखांकात आपण बाष्पकाची जलदाब-परीक्षा पाहिली. तिच्यावरून यारीची परीक्षा म्हणजे तिच्या आकड्यास नेमल्याहून अधिक वजन टांगावयाचे आणि ती तगली की दाखला द्यावयाचा, असा वाचकाचा समज होणे स्वाभाविक आहे. कारखान्यांच्या व्यवस्थापकांतही हा समज दृढमूल असून 'लोड टेस्ट झालेली आहे' हे वाक्य ते अशा निश्चिंतपणे उच्चारतात की पुढे काही विचारणे अप्रशस्त वाटावे. माझ्या मते हा समज निम्मा खरा आहे, आणि निम्मा खरा असल्यामुळेच अधिक घातक आहे.

कायद्याचा या बाबतीतला शिरस्ता पाहण्यासारखा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ अन्वये प्रत्येक यारी, साखळी, दोर, आकडा व शॅकल यांची बारा महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून सखोल तपासणी झाली पाहिजे, प्रत्येक साधनावर त्याचा सुरक्षित भार व ओळखचिन्ह स्पष्ट दिसेल असे घातलेले असले पाहिजे, आणि रुळांवरून धावणाऱ्या यारीच्या मार्गावर अगर मार्गालगत कोणी इसम काम करीत असेल तर ती त्याच्यापासून सहा मीटरच्या आत येऊ नये अशी तजवीज केली पाहिजे. सखोल तपासणी कशास म्हणावे याचेही स्पष्टीकरण त्याच कलमात दिलेले आहे. डोळ्यांनी केलेली, जरूर तेथे हातोडीने ठोकून पाहण्यासारख्या उपायांची जोड दिलेली, परिस्थिती अनुमती देईल तितकी काळजीपूर्वक, आणि भरवशाचा निष्कर्ष काढण्यासाठी आवश्यक वाटल्यास यंत्राचे भाग सुटे करून केलेली तपासणी, असा त्याचा आशय आहे. या वार्षिक तपासणीच्या व्याख्येत डोळे आहेत, हातोडी आहे, भाग सुटे करणे आहे. ज्यादा वजन टांगून पाहण्याचा मात्र शब्दही नाही.

वजनाच्या परीक्षेस जागा आहे ती अन्यत्र. साधन प्रथमच वापरात आणावयाचे असेल तेव्हा ती घ्यावी लागते. बांधकामांसाठी १९९६ च्या अधिनियमाखाली जे नियम झाले त्यांत, बळकटीस बाध येईल असा फेरफार अगर दुरुस्ती झाल्यावर आणि एरवीही पाच वर्षांतून एकदा ती घ्यावी असे सांगितले आहे. ज्यादा वजन किती, याचाही तपशील ठरलेला आहे. वीस टनांपर्यंतच्या साधनास सव्वापट, वीस ते पन्नास टनांपर्यंत सरसकट पाच टन अधिक, आणि पन्नासाच्या वर दहा टक्के अधिक. या पायऱ्या वरवर लहरी वाटल्या तरी विसांचे पंचवीस टक्के पाचच होतात व पन्नासांचे दहा टक्केही पाचच, त्यामुळे एका पायरीवरून दुसरीवर जाताना कोठेही उडी पडत नाही, ही त्यांतील गंमत हिशेबी वाचकाच्या ध्यानात येईल. हे दोन्ही कायदे आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने पोटात घेतलेले असले, तरी कारखान्यांच्या दफ्तरांत व बोलण्यात अद्याप 'कलम २९' हेच नाव चालते.

प्रत्यक्ष परीक्षा कशी होते ते दहा टनी ईओटीच्या उदाहरणावरून सांगतो. साडेबारा टनांचे लोखंडी ठोकळे अगर काँक्रीटचे दगड वजनकाट्यावर तोलून आणावयाचे व काट्याची पावती कागदपत्रांस जोडावयाची. अंदाजाने रचलेला भंगाराचा ढीग या कामी चालत नाही. खलाशांच्या मुकादमाने 'हाबेस' म्हणून हाक दिली की दोर ताणू लागतात, वजन जमिनीपासून वीतभर सुटते, आणि तेथे ते दहा मिनिटे अधांतरी ठेवून ब्रेक घसरतो काय, जोड उकलतात काय, वजन उतरल्यावर तुळई पूर्ववत सरळ होते काय, हे पाहावयाचे. 'आरिया' म्हणून वजन खाली टेकविल्यावर दुसरी परीक्षा, ती एकदशांश अधिक भाराने, आणि तीत यारीच्या सर्व चाली चालवून पाहावयाच्या. नेमल्या भाराखाली तुळईची लवण गाळ्याच्या नऊशेव्या हिश्शाहून अधिक नसावी असा आपल्याकडील मानकाचा दंडक असून, अठरा मीटरच्या गाळ्यास ती वीस मिलिमीटर भरते. एवढे सर्व यथास्थित पार पडले म्हणजे काय सिद्ध झाले? त्या दिवशी, त्या जागी, ते वजन त्या यारीने पेलले, इतकेच.

धातूचा स्वभाव असा, की एकदा पेललेले वजन लक्ष वेळा पेलण्याची हमी तो देत नाही. जर्मनीतील हार्त्झ पर्वतात क्लाउस्थाल येथे खाणींवर अधिकारी असलेल्या विल्हेल्म आल्बर्ट याने १८२९ साली खाणीतील साखळ्यांवर पुनःपुन्हा भार घालून पाहिला, तेव्हा ज्या भाराने साखळी एकदा तुटत नाही त्याच भाराच्या असंख्य आवृत्त्यांनी ती तुटते, असे त्यास आढळून आले. आणि साखळीचा नाद सोडून १८३४ मध्ये त्याने तारा पिळून दोर केला, त्याचीच संतती आज प्रत्येक यारीच्या ड्रमवर गुंडाळलेली आहे. साखळीची कडी एकदम दगा देते, पण दोराची एकेक तार आधी तुटून सूचना देते, हा त्याचा मोठा गुण. ती सूचना वाचणे हेच तपासनीसाचे मुख्य कर्तव्य होय. यावरून हेही उमगेल की दरसाल हौसेने सव्वापट वजन टांगणारा मालक यारीचे आयुष्य वाढवीत नसून तिच्या जोडांना विनाकारण शिणवीत असतो.

दोर वाचण्याची रीत मोठी चिकाटीची आहे. प्रथम जुने ग्रीस पुसून काढावयाचे, कारण काळ्या ग्रीसखाली गंज व तुटलेल्या तारा दोन्ही सुखाने लपतात. मग हातमोज्यात कापडाची घडी धरून दोर हळूहळू सरकू द्यावयाचा. जेथे तारेचे टोक कापडास अडकेल तेथे खडूची खूण करावयाची. खुणा एकूण किती झाल्या यापेक्षा त्या किती दाट आहेत यास महत्त्व असल्याने दोराच्या व्यासाच्या सहापट आणि तीसपट लांबीत, म्हणजे सोळा मिलिमीटरच्या दोरास ९६ व ४८० मिलिमीटरांत, तुटलेल्या तारा मोजतात. लडीच्या पाठीवर तुटलेली तार घर्षणाने झिजलेली असते आणि तिचे तितकेसे भय नाही. पण दोन लडींच्या मधल्या घळीत तुटलेली तार दोर आतून कुजत असल्याची निशाणी आहे. व्यास मोजताना कॅलिपरचे जबडे समोरासमोरच्या लडींच्या पाठींवर बसले पाहिजेत. ते घळींत बसविल्यास माप चुकते आणि तपासणी वाया जाते. एक जागा अशी आहे की जेथे शंभरातले नव्वद लोक पाहतच नाहीत, ती म्हणजे दोन बाजूंचा ताण सारखा राखणारी, सहसा न फिरणारी पुली. तेथे दोर हालत नाही म्हणून झिजत नाही असे वाटते, परंतु पावसाळ्याचा दमटपणा तेथेच मुरतो, आणि ठाण्याचा पावसाळा किती दीर्घ असतो हे येथील वाचकास सांगावयास नको. आकड्याचीही अशीच खूण असते. नवा असताना त्याच्या तोंडाच्या दोन बाजूंस पंचाने ठिपके उमटवून त्यांमधील अंतर नोंदवहीत टिपून ठेवलेले असेल, तर दर तपासणीस ते ताडून आकडा किती उघडला हे क्षणात कळते. मूळ मापाच्या दहाव्या हिश्शाइतका तो उघडला असेल तर त्यास तापवून, ठोकून पूर्ववत करण्याचा मोह कोणी धरू नये. तो निकालातच काढला पाहिजे.

यारी निर्दोष असूनही वजन कोसळते, त्याचे कारण पुष्कळदा स्लिंगमध्ये सापडते. दोन टनांची पेटी दोन पायांच्या स्लिंगने उचलताना पाय उभे असतील तर प्रत्येकावर एक टन येतो. ते पसरून क्षितिजाशी तीस अंशांचा कोन करू लागले की प्रत्येक पायावर पुरते दोन टन येतात. पेटी तीच, स्लिंग तीच, भार मात्र दुप्पट. हे त्रिकोणमितीचे सत्य बहुतेक खलाशी अनुभवाने जाणतात आणि घाईच्या वेळी विसरतात.

फिरत्या क्रेनच्या बाबतीत दाखल्याची मर्यादा अधिकच उघडी पडते. 'बारा टनी' ही पदवी बूम आखूड व वजन अगदी जवळ असतानाची असून बूम जसजशी लांबते तसतशी क्षमता झपाट्याने घटते, आणि क्रेनच्या पायाखालची जमीन तर कोणत्याच दाखल्यात नसते. ठाण्यासारख्या शहरात, जेथे डांबराखाली कोठे जुना नाला, कोठे खाडीचा भराव, कोठे परवाच खणून बुजविलेला चर असतो, तेथे क्रेनचे पाय टेकविण्यापूर्वी ती जागा पाहणे हे दोर पाहण्याइतकेच अगत्याचे आहे. पूल बांधणारे लाँचर हे याचे टोकाचे उदाहरण. ते एका खांबावरून पुढल्या खांबावर स्वतःच सरकत जाते, म्हणून त्याचे आधार, बांधणी व जॅक प्रत्येक गाळ्यास नव्याने मांडावे लागतात. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील सरळांबे गावाजवळ, समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असता तुळई व लाँचर कोसळून २० जणांचा अंत झाला. त्या दुर्घटनेची कारणमीमांसा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु पहिल्या गाळ्यावर घेतलेली परीक्षा विसाव्या गाळ्यास पुरेशी समजावी काय, हा प्रश्न अशा प्रत्येक यंत्राच्या बाबतीत विचारलाच पाहिजे.

राहता राहिली सक्षम व्यक्ती. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ साली अधिनियमात जी दुरुस्ती झाली तीत या व्यक्तीची व्याख्या आली; मुख्य कारखाना निरीक्षकाची मान्यता असल्यावाचून कोणासही असा दाखला देता येत नाही, आणि महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. व्यवस्था चांगली आहे, पण तीत एक व्यंग आहे. तपासनीसाचे मानधन ज्याच्या यारीची तपासणी व्हावयाची तोच देतो, आणि यारी बंद ठेवा असे सांगणाऱ्यास पुढील वर्षी पुन्हा पाचारण होईलच अशी खात्री नसते. म्हणून कारखान्याचे दफ्तर चाळताना मी दाखल्याच्या शिक्क्यापेक्षा त्यातील शेऱ्यांकडे अधिक लक्ष देतो. दहा-बारा वर्षे ज्या यारीच्या नोंदवहीत 'सर्व ठीक' याखेरीज अक्षर नाही, एक दोर बदलल्याची, एक शॅकल बाद केल्याची नोंद नाही, ती यारी माझ्या लेखी तपासलेलीच नाही. उलट ज्या वहीत 'ब्रेकचे अस्तर झिजले, पंधरवड्यात बदलावे' असा शेरा आणि त्याखाली बदलल्याची तारीख व फोरमनची सही आढळते, त्या छपराखालून चालताना मान वर करून पाहण्याची गरज मला भासत नाही.

कारखान्यांतील मालवाहू लिफ्टचा विचार या लेखांकात जाणूनबुजून वगळला आहे. तिला कलम २८ लागू असून तपासणीची मुदत बारा नव्हे तर सहाच महिन्यांची आहे, आणि इमारतींतील लिफ्टसाठी राज्याचा २०१७ चा स्वतंत्र अधिनियम आहे; या दोहोंतील भेद व लिफ्टच्या दारांची कथा पुढील आठवड्यात.