नमाजच्या ॲपची बातमी : खरी किती, फुगवलेली किती?

नोव्हेंबर 2020 मधली गोष्ट. आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी खालाजानचा मेसेज आला : "नमाजचं ॲप लगेच काढून टाका. अमेरिकेची फौज त्यातून आपल्यावर नजर ठेवतेय." दुपारपर्यंत तोच मेसेज आणखी तीन ग्रुपांवरून फिरून आला, दर वेळी थोडा वाढलेला. एकात म्हटले होते की ॲप घरातले बोलणे ऐकते, दुसऱ्यात फोटोही जातात असे होते. संध्याकाळी मामूंनी उलटा मेसेज टाकला : "कंपनीने साफ इन्कार केला आहे. सगळी अफवा." रात्री अम्मीने फोन माझ्यासमोर ठेवला. "काढू की राहू देऊ? माझी अजान यावरच लागते."

तेव्हा मला उत्तर देता आले नाही. नंतर मूळ बातमी शोधून वाचली, तेव्हा कळले की खालाजानचा मेसेज अर्धवट होता आणि मामूंचाही. डिजिटल गोपनीयतेच्या बातम्या आता दर महिन्याला येतात. त्यातली कोणती मनावर घ्यायची आणि कोणती सोडून द्यायची, हे ठरवायला ही एक बातमी चांगला धडा आहे.

मूळ बातमीत काय होते?

'व्हाइस' या माध्यमसमूहाच्या 'मदरबोर्ड' या तंत्रज्ञानविषयक विभागाने 16 नोव्हेंबर 2020 रोजी ही बातमी दिली. पत्रकाराचे नाव जोसेफ कॉक्स. ॲप होते 'मुस्लिम प्रो'. नमाजच्या वेळा, किब्ल्याची दिशा आणि कुरआन देणारे हे ॲप तोवर जगभरात 9 कोटी 80 लाखांहून अधिक वेळा डाउनलोड झाले होते.

कॉक्स यांनी माहितीचा प्रवास टप्प्याटप्प्याने मांडला. ॲप बनवणारे अनेकदा दुसऱ्या कंपन्यांनी तयार केलेले कोडचे तुकडे आपल्या ॲपमध्ये जोडतात. मुस्लिम प्रोमध्ये 'एक्स-मोड' नावाच्या अमेरिकन कंपनीचा असा तुकडा होता. तो फोनचे लोकेशन एक्स-मोडकडे पाठवत असे. एक्स-मोड हा लोकेशनचा दलाल. शेकडो ॲपमधून लोकेशन गोळा करायचे आणि विकायचे, हा त्याचा धंदा. त्याच्या गिऱ्हाइकांमध्ये अमेरिकन संरक्षण खात्यासाठी काम करणाऱ्या ठेकेदार कंपन्या होत्या आणि त्यांच्यामार्फत माहिती लष्करापर्यंत पोहोचत होती.

त्याच बातमीत दुसरी एक वाट वेगळी सांगितली होती. अमेरिकेच्या स्पेशल ऑपरेशन्स कमांडने 'लोकेट एक्स' हे लोकेशन शोधण्याचे साधन विकत घेतले होते. ते 'बेबल स्ट्रीट' या निराळ्याच कंपनीचे. मूळ बातमीने या दोन वाटा वेगळ्या ठेवल्या होत्या. पुढे फिरलेल्या मेसेजमध्ये दोन्ही एकत्र झाल्या आणि "फौजेने नमाजचे ॲप विकत घेतले" असा तिसराच अर्थ तयार झाला.

पत्रकाराला हे कळले कसे?

बातमीची खरी परीक्षा इथे होते. कॉक्स यांनी कुणाच्या कानगोष्टीवर विसंबून लिहिले नाही. त्यांनी ॲप स्वतःच्या फोनवर घेतले आणि फोनमधून बाहेर काय जाते ते तपासले. लोकेशन एक्स-मोडकडे जाताना दिसले. अमेरिकन सिनेटर रॉन वायडन यांच्या कार्यालयाने सांगितले की अमेरिकेतल्या फोनची माहिती ठेकेदारांमार्फत लष्करी गिऱ्हाइकांना विकत असल्याचे एक्स-मोडने मान्य केले आहे. लोकेट एक्सच्या खरेदीला खुद्द स्पेशल ऑपरेशन्स कमांडने दुजोरा दिला. म्हणजे यंत्राचा पुरावा, नाव घेऊन बोलणारी माणसे आणि संबंधित पक्षाची कबुली, तिन्ही होते.

बातमीने जे म्हटले नव्हते तेही ध्यानात घ्यायला हवे. ॲप बोलणे ऐकते किंवा फोटो पाठवते, असे त्यात नव्हते. कोल्हापूरच्या किंवा भिवंडीच्या अमुक नमाजी माणसावर कुणी पाळत ठेवली, असेही नव्हते.

आता कंपनीचा इन्कार पाहू. आपण वापरकर्त्यांची माहिती अमेरिकन लष्कराला विकतो हे खोटे आहे, असे मुस्लिम प्रोने जाहीर केले. पण त्याच वेळी एक्स-मोडसकट आपल्या डेटा-भागीदारांशी संबंध तोडत असल्याचेही सांगितले. मदरबोर्डने थेट विक्रीचा आरोप केलाच नव्हता. दलालामार्फत जाणाऱ्या वाटेबद्दल लिहिले होते. इन्कार ज्या गोष्टीचा होता, ती मूळ बातमीत नव्हती. मामूंनी इन्काराचा मथळा वाचला आणि खालाजानने आरोपाचा. मधला मजकूर कुणीच वाचला नाही.

चांगल्या बातमीची आणखी एक खूण म्हणजे काळ जातो तशी ती पक्की होत जाते. डिसेंबर 2020 मध्ये ॲपल आणि गूगलने ॲप बनवणाऱ्यांना एक्स-मोडचा कोड काढायला सांगितले. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोड आणि तिच्या जागी आलेल्या कंपनीवर संवेदनशील ठिकाणांचे लोकेशन विकण्यास मनाई करणारी कारवाई जाहीर केली. त्या ठिकाणांमध्ये दवाखान्यांबरोबर प्रार्थनास्थळेही आहेत. मशिदीत कोण किती वाजता जातो, ही माहिती जपण्यासारखी आहे, हे असे कागदावर आले.

नामांकित वर्तमानपत्रही चुकते

मोठे नाव पाहून डोळे मिटायचे नाहीत, याचेही उदाहरण आहे. जानेवारी 2017 मध्ये ब्रिटनच्या 'गार्डियन'ने व्हॉट्सॲपमध्ये 'चोरदरवाजा' असल्याची बातमी दिली. हकीकत अशी : समोरच्याने फोन किंवा सिम बदलले की त्याची संदेश उघडण्याची किल्ली बदलते. तोवर न पोहोचलेले संदेश व्हॉट्सॲप नव्या किल्लीने बंद करून पुन्हा पाठवत असे. यात थोडी जोखीम होती. पण संदेश हरवू नयेत म्हणून समजून-उमजून केलेली ती रचना होती. सरकारसाठी उघडे ठेवलेले दार नव्हते.

समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेकी यांनी खुले पत्र लिहिले आणि सुरक्षाक्षेत्रातल्या अनेक तज्ज्ञांनी त्यावर सह्या केल्या. त्यांचे दुखणे असे की घाबरलेली माणसे व्हॉट्सॲप सोडून साध्या एसएमएसकडे वळतील आणि एसएमएस तर त्याहून असुरक्षित. त्याच वर्षी जूनमध्ये गार्डियनच्या वाचक-संपादकाने तपास करून बातमीत दोष असल्याचे छापले. चूक मान्य करून ती छापणे ही त्या वर्तमानपत्राची जमेची बाजू. पण तोवर पाच महिने उलटले होते.

आकडा वाचताना

जुलै 2021 मधले पेगासस प्रकरण आठवत असेल. जगभरातल्या माध्यमांनी मिळून हा तपास केला, भारतातून 'द वायर' त्यात होते. 50,000 हून अधिक फोन नंबरांची एक यादी हाती आली होती. यादीत नंबर असणे म्हणजे फोनमध्ये शिरकाव झालाच असे नाही, हे तपास करणाऱ्यांनी स्वतःच लिहिले. ॲम्नेस्टीच्या प्रयोगशाळेने 67 फोन तपासले. त्यातल्या 37 मध्ये खुणा सापडल्या : 23 मध्ये शिरकाव झालेला आणि 14 मध्ये तसा प्रयत्न झालेला. 23 फोनही छोटी गोष्ट नव्हे. पण "पन्नास हजार फोन हॅक झाले" असे बोलणाऱ्याने ही बातमी नीट वाचलेली नसते, आणि "फक्त 23 तर आहेत" म्हणणाऱ्यानेही.

घरबसल्या पारख

तंत्रज्ञानाचे शिक्षण नसले तरी गोपनीयतेच्या कुठल्याही बातमीला पाच प्रश्न विचारता येतात.

1. नेमकी कोणती माहिती गेली? लोकेशन, नंबर, फोटो की संदेश? नुसते "तुमचा डेटा चोरीला" असे लिहिले असेल तर बातमी अपुरी आहे.

2. कुणाकडून कुणाकडे गेली? मधले दलाल सांगितले आहेत का?

3. पत्रकाराला हे कळले कसे? कुणी तपासले, काय पाहिले? "तज्ज्ञांच्या मते" म्हणायचे आणि एकही नाव द्यायचे नाही, तिथे सावध व्हा.

4. कंपनीचे म्हणणे दिले आहे का आणि ते मूळ आरोपाला उत्तर देते का?

5. माझ्यासाठी यात काय बदलते? घाबरवून सोडणारी बातमी हे सांगत नाही. चांगली बातमी कोणती सेटिंग बदलायची ते सांगते, किंवा आपल्या हातात काही नाही हेही साफ सांगते.

आणखी एक गोष्ट. अनेक बातमी संकेतस्थळे जाहिरातींवर चालतात आणि वाचकाचा माग काढणारा कोड त्यांच्या पानांवरही असतो. गोपनीयतेवरचा लेख वाचताना हे ध्यानात असू द्यावे. जी संस्था स्वतःच्या पानाबद्दलही हे कबूल करते, तिच्यावर भरवसा थोडा जास्त ठेवायला हरकत नाही.

अम्मीच्या फोनचे काय झाले?

ॲपला लोकेशन कशासाठी लागते, हे आधी पाहिले. नमाजच्या वेळा शहरानुसार ठरतात. बहुतेक ॲपमध्ये शहराचे नाव हाताने टाकता येते. घरातून किब्ल्याची दिशा तर रोज तीच. म्हणून अम्मीच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ॲपची लोकेशनची परवानगी बंद केली आणि शहराचे नाव टाकून दिले. अजान पहिल्यासारखीच लागते. प्रवासात गरज पडली तर "ॲप वापरात असतानाच" एवढीच परवानगी द्यायची आणि अचूक ऐवजी अंदाजे लोकेशनचा पर्याय निवडायचा. त्यानंतर टॉर्च, कॅल्क्युलेटर, मुलांचे खेळ, सगळ्यांच्या परवानग्या पाहिल्या. लोकेशन मागणारी तीन ॲप निघाली, ज्यांना त्याची काहीच गरज नव्हती. ती काढून टाकली.

मग ग्रुपवर चार ओळी लिहिल्या : काय गेले, कुणाकडे गेले, काय गेले नाही आणि कोणती सेटिंग बदलायची. मामूंनी अंगठा दाखवला. खालाजानचा फोन आला. "म्हणजे माझं चुकलं का रे?"

"खालाजान, काळजी बरोबर होती. फक्त बोलणं ऐकणं आणि फोटो हे मेसेजबरोबर वाढत गेलं."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ते सेटिंग कुठं असतं, सांग बरं. मी फोन हातातच धरलाय."