गोलंदाजी हवी, कप्तानी नको!

विरारहून सुटणाऱ्या लोकलमध्ये सुटीच्या दिवशी खांद्यावर क्रिकेटचे किट अडकवलेली मुले हमखास दिसतात. त्यांतील अनेकांची वाट आझाद मैदानाकडे जाते. या मैदानाला लागूनच असलेल्या बॉम्बे जिमखान्यावर फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी पराभूत केले. या विजयाच्या शिल्पकारांपैकी एक होते डावखुरे फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर. मात्र ज्या संघासाठी त्यांनी घाम गाळला, त्या संघाने त्यांना आपले मानण्यास फार विलंब लावला.

बाळूंचा जन्म धारवाडचा, चर्मकार कुटुंबातला. वडील लष्करात नोकरीस होते. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याचे काम त्यांना मिळाले. पगार होता महिन्याला अवघे ४ रुपये. तेथील नामवंत फलंदाज कॅप्टन ग्रेग यांना ते तासन् तास गोलंदाजीचा सराव देत. साहेबांची फलंदाजी बाळूंच्या हातून घडत गेली. पण बाळूंच्या हाती बॅट काही कोणी दिली नाही.

इंग्रजांना हरवायचे तर हा गोलंदाज हवाच, हे पुण्याच्या हिंदू क्लबाने ओळखले. तथापि, शिवाशिवीचे बंधन कायम राहिले. मैदानावर सर्व जण एकच चेंडू हाताळीत. चहापानाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळेच.

१८९६ च्या प्लेगनंतर ते मुंबईस आले. तेथे कामगिरीच्या बळावर ही बंधने हळूहळू सैल होत गेली. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील संघाने इंग्लंडचा दौरा केला. संघ बहुतेक सामने हरला, परंतु बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले.

एवढे होऊनही कप्तानपद दूरच राहिले. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना वगळण्यात आले. तेव्हा त्यांचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. अखेर बाळूंना उपकप्तान करावे लागले. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल यांच्याकडे नेतृत्व आले आणि त्याच वर्षी हिंदू संघाने स्पर्धा जिंकली.

भेदभाव प्रत्येक वेळी दार बंद करूनच होतो असे नाही. कित्येकदा तो कौशल्य वापरून घेतो आणि अधिकार तेवढा नाकारतो. बाळूंनी बळी घेऊन आपली योग्यता सिद्ध केली. पण कप्तानपदाची कोंडी फुटली ती भावांनी न खेळण्याचे धैर्य दाखविल्यानंतरच. ४ जुलै १९५५ रोजी बाळूंचे निधन झाले. ज्या पदावर त्यांचा हक्क होता, ते त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांच्या धाकट्या भावाला मात्र मिळाले.