शब्दांचा क्रम, अर्थाचे गणित

वाराणसीच्या रामघाटावरील वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक दुर्मीळ पारायण पार पडले. अहिल्यानगरचे १९ वर्षांचे वेदमूर्ती देवव्रत महेश रेखे यांनी शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेतील सुमारे २,००० मंत्रांचे दंडक्रम पारायण ५० दिवसांत पूर्ण केले. दंडक्रमात पदे क्रमाने व उलट क्रमाने म्हटली जातात आणि प्रत्येक आवर्तनात एकेक पद वाढत जाते. त्यामुळे एखादे पद गळाले, तर ते सहज ध्यानात येते.

शब्दांमधील संबंध जपण्याचा प्रश्न संगणकापुढेही आहे. मात्र तेथे जपायचा असतो तो अर्थ. ‘रमेशने सुरेशला पैसे दिले’ आणि ‘सुरेशने रमेशला पैसे दिले’ या वाक्यांत नावे तीच, पण देणारा व घेणारा यांची अदलाबदल होते. बँकव्यवहारात हा भेद निर्णायक ठरतो. आजच्या भाषाप्रणाली तो अफाट मजकुरातून शिकतात. इंग्रजीत असा मजकूर विपुल आहे. मराठीत त्या मानाने तोकडा.

व्याकरणाची चौकट

२०१० मध्ये बॉब कुके, मेहरनूश सदरजादेह व स्टीफन क्लार्क यांनी व्याकरणाच्या आधारे शब्दार्थांतून वाक्यार्थ जुळवणारी गणिती मांडणी केली. तिचे गणित क्वांटम सिद्धांताशी मिळतेजुळते आहे. मात्र साध्या संगणकावर ती खर्चिक ठरते. नामाचा आणि वाक्याचा अर्थ प्रत्येकी १०० अंकांनी दर्शविला, तर कर्ता, कर्म व वाक्य यांना जोडणाऱ्या सकर्मक क्रियापदाला १००×१००×१००, म्हणजे दहा लाख अंक लागतात. क्वांटम संगणकाच्या एककास क्यूबिट म्हणतात. अवघ्या २० क्यूबिटांच्या अवस्थेचे वर्णन करण्यास १०,४८,५७६ अंक लागतात. या पद्धतीची आशा येथेच आहे. व्याकरण रचनेतच असल्याने कमी मजकुरातून शिकणे शक्य झाले, तर मराठीसारख्या भाषांना त्याचा लाभ होईल.

आशा आणि मर्यादा

तथापि, क्यूबिटांतील सर्व माहिती एकदम वाचता येत नाही. मोजणी केली की एकच उत्तर हाती येते, म्हणून तीच क्रिया अनेकवार करावी लागते. शिवाय क्यूबिट बाह्य परिणामांनी सहज बिघडतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग शंभर-सव्वाशे छोट्या वाक्यांचेच होते. साध्या संगणकावर मात केल्याचे त्यांतून सिद्ध झालेले नाही.

भारत सरकारने २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. यंत्रे सिद्ध होतील तेव्हा मराठीचे व्याकरण गणिती रूपात तयार असणे, हे काम मात्र मराठी अभ्यासकांनाच करावे लागेल.